जरा सरकून घ्या

जगातल्या थोर तत्त्वज्ञांनी माणसाच्या उंचीचा विचार केला, खोलीचा विचार केला, रुंदीचा मात्र कुणी केलेला दिसत नाही. विचार उंच असावेत, ज्ञान खोल असावं, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण ‘त्यांचे विचार फार रुंद आहेत हो!’ असं कुठल्या सत्कार-समारंभात कुणी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. रुंदी आपल्याला कापडाच्या दुकानात पन्हा म्हणून भेटते, महापालिकेत रस्तारुंदी म्हणून भेटते आणि चाळिशीनंतर पट्ट्याच्या नव्या भोकाच्या रूपाने भेटते. नीतिशास्त्रात तिला प्रवेश नाही. वास्तविक माणसामाणसांतली निम्मी भांडणं रुंदीवरून होतात. भाऊबंदकीतला बांध म्हणजे शेवटी काय, तर वीतभर रुंदीचा प्रश्न. लोकलमधली चौथी सीट म्हणजे तरी दुसरं काय?

हा विचार माझ्या डोक्यात शिरला तो अमेरिकेत, यूटा राज्यात. सॉल्ट लेक सिटीजवळ माझा भाचा राहतो. संगणकातला आहे. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण अक्का, आता त्याच्याकडेच असते. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलेला, वाचा मात्र पूर्ण वेळ कामावर. गेल्या उन्हाळ्यात मी आणि सौभाग्यवती तिकडे गेलो, तेव्हा घरात एकच विषय चालू होता: ‘साइड-बाय-साइड’ कुठली घ्यायची?

आपल्याकडे साइड-बाय-साइड म्हणजे फ्रिज. तिकडे ती एक गाडी असते. डोंगरात, जंगलात, वाळूत, दगडधोंड्यांवरून हिंडायची. जीप आणि रिक्षा यांचा प्रेमविवाह झाला आणि घरच्यांनी दोन्हीकडून तोंड फिरवलं, तर जे अपत्य उघड्यावर वाढेल, तशी ती दिसते. मोटारीसारखं स्टिअरिंग, शेजारी शेजारी खुर्च्या, कमरेला पट्टा, चारही बाजूंनी लोखंडी नळ्यांचा पिंजरा. दारं असली तर असली. हिच्या आधीची जी चारचाकी, तिच्यावर घोड्यावर बसल्यासारखं टांग टाकून बसावं लागे. हिच्यात दोघं शेजारी बसतात, म्हणून साइड-बाय-साइड. नवराबायकोने शेजारी बसून खड्ड्यातून जाणं, याला आपल्याकडे संसार म्हणतात. तिकडे त्यासाठी वेगळं वाहन विकत मिळतं.

मी भाच्याला म्हटलं, “चांगली बघून घेऊन टाक एक. त्यात एवढा विचार कसला?”

“मामा, आधी रुंदी ठरवायला लागते.”

“गाडीची?”

“वाटेची.”

आणि त्याने टेबलावर एक नकाशा पसरला. तिथल्या राष्ट्रीय वनांचा कारभार बघणारं जे वनखातं आहे, ते प्रत्येक वनाचा असा नकाशा फुकट देतं. कुठल्या वाटेवर कुठलं वाहन न्यायचं आणि कुठल्या महिन्यांत न्यायचं, हे त्यात रेघा-ठिपक्यांनी दाखवलेलं असतं. 2005 साली त्यांनी नियमच केला, की नकाशावर ज्या वाटा वाहनांसाठी दाखवल्या आहेत तेवढ्याच खुल्या, बाकी सगळं बंद. आणि त्या वाटांतल्या पुष्कळशा ठिपक्यांचा अर्थ असा असतो: ‘50 इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या गाड्यांसाठी.’ पन्नास इंच म्हणजे सव्वा मीटरहून दोन सेंटिमीटर जास्त. तेही सगळ्यात रुंद जागी मोजायचं, म्हणजे बहुतेक वेळा एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत.

तुम्हाला अंदाज यावा म्हणून सांगतो. आपली नेहमीची बजाजची आरई रिक्षा 1300 मिलिमीटर रुंद असते, म्हणजे 51 इंचांहून किंचित जास्त. थोडक्यात, जी रिक्षा शनिवार-सदाशिवातल्या कुठल्याही बोळात शिरते, दोन उभ्या स्कूटर, एक गाय आणि एक भांडण यांच्यामधून निघून जाते, ती यूटाच्या डोंगरवाटेवर इंचभराने नापास होते. रिक्षावाल्याने ‘तिकडे येणार नाही’ म्हटलं आणि ते कायद्याने बरोबर निघालं, असं जगातलं हे एकमेव ठिकाण असावं.

तर पहिला धडा असा, की आधी वाट निवडायची आणि मग गाडी. ऐकायला किती सोपं वाटतं! आपण आयुष्यभर ह्याच्या बरोबर उलट वागत आलो. आमच्या चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाने आधी लोखंडी कपाट विकत आणलं आणि मग जिन्याची रुंदी मोजली. मग ते कपाट दोन दिवस पहिल्या मजल्याच्या वळणावर अडकलेलं असायचं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस ‘तिरकं करा, तिरकं’ असा सल्ला देऊन जायचा. गावाच्या बाबतीतही तेच. गाड्या आधी आल्या, रुंदीकरण मागून आलं. कुणाच्या वाड्याची ओटी गेली, कुणाच्या दारातला पार गेला, वडाच्या झाडाला तर कोपऱ्यात सरकायची संधीही मिळाली नाही. गाडी मोठी झाली की रस्त्याने पोट आत घ्यायचं, हा आपला शिरस्ता. तिकडच्या डोंगरात मला पहिल्यांदा उलटा न्याय दिसला. वाट आहे एवढी आहे. तुम्ही मावता का, बोला.

आता हा पन्नासचा आकडा आला कुठून? वेदांत तो नाही, बायबलातही नसावा. 1970 साली होंडाने अमेरिकेत फुगीर टायरांची एक तीनचाकी विकायला काढली. ती लोकांना फार आवडली आणि लोक तिच्यावरून फार पडले. शेवटी 1988 साली सरकारशी तडजोड होऊन नव्या तीनचाक्यांची विक्री थांबली. दरम्यान, ऐंशीच्या दशकात, चारचाकी आली आणि स्थिरावली. ह्या टांग टाकून बसायच्या चारचाक्या साधारण पन्नास इंचांच्या आत असत. म्हणून पन्नास. म्हणजे यंत्राकडे बघून नियम झाला. नंतर गंमत अशी झाली, की शेजारी शेजारी बसायच्या गाड्या निघाल्या त्या अंमळ रुंद होत्या. मग 2007 साली पोलॅरिस कंपनीने मुद्दाम पन्नास इंचांत बसणारी आरझेडआर 800 काढली. म्हणजे आता नियमाकडे बघून यंत्र झालं. आणि पुढे यंत्रं पुन्हा फुगत गेली. साठ इंच, चौसष्ट इंच, वाळूच्या टेकड्यांसाठी तर बहात्तर इंच. मग लोक म्हणू लागले, की नियम जुना झाला, वाटा रुंद करा. काही ठिकाणी अधिक रुंद गाड्यांसाठी वेगळ्या वाटा ठरवल्याही गेल्या. कोण कुणाकडे बघून वागतंय, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. सासूसुनांच्या जुन्या घरात असंच असे.

भाच्यापुढचा पेच साधा नव्हता. पन्नास इंची गाडी घेतली, तर ती सगळ्या वाटांवर जाते, पण तिच्यात बसतात दोघं. घरात माणसं चार: तो, भाचेसून, नात आणि अक्का. चौसष्ट इंची घेतली तर चौघं बसतात, पण अरुंद वाटा बंद. शिवाय आणखी एक गोष्ट होती, आणि ती मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. अरुंद गाडी आडव्या उतारावर लवकर कलंडते. ह्याचं गणित शाळेतलंच आहे. गाडीच्या वजनाच्या मध्यापासून ओळंबा सोडला आणि तो उताराकडच्या चाकाच्या पलीकडे पडला, की गाडी उलटली. चाकं जितकी लांब लांब, तितका ओळंबा आत राहतो. चाकांना धरून ठेवणारे लोखंडी हातही रुंद गाडीत लांब असतात, त्यामुळे चाकं जास्त खालीवर होऊ शकतात आणि दगडावरचा दणका मणक्यापर्यंत पोचत नाही. यामाहाच्या ऱ्हायनो नावाच्या गाड्या उलटून माणसं गेली, तेव्हा 2009 साली तिथल्या ग्राहक-सुरक्षा आयोगाशी बोलून कंपनीने विक्री थांबवली आणि फुकट दुरुस्ती करून दिली. त्या दुरुस्तीतला एक भाग काय होता, तर मागच्या चाकांना आतून चकत्या लावून ती थोडी बाहेर काढायची. म्हणजे गाडी रुंद करायची. कधी कधी दोन इंच हे मिजाशीचे नसतात, जिवाचे असतात. ‘वाट बघून चाक पसरावं’ अशी नवी म्हण करून मी मोकळा होणार होतो, पण हे ऐकल्यावर गप्प बसलो.

आता ज्या प्रश्नाने आमची झोप उडवली तो सांगतो. त्या भागात फिशलेक नावाचं राष्ट्रीय वन आहे आणि त्यात पायूट ट्रेल नावाची प्रसिद्ध वाट. पावणेतीनशे मैलांच्या आसपासचं हे एक मोठं कडं आहे. त्याला सुरुवात नाही आणि शेवट नाही, गावागावांतून, दहा हजार फुटांच्या डोंगरांवरून ते फिरत राहतं. मुख्य कड्याला शेकडो फाटे आहेत. त्यातल्या एका फाट्यावर, आत दीडएक मैलावर एक लहानसं तळं आहे. भाच्याने त्याचा फोटो अक्काला दाखवला होता, आणि ‘आई, तुला तिथे नेणार’ असा शब्द देऊन बसला होता. त्या फाट्याच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब आहेत. मधे पन्नास इंच आणि वर थोडीशी दया. शेजारी पाटी.

आणि पाटीच्या शेजारी, डाव्या अंगाला, चाकांनी दबलेलं गवत.

तेवढ्या एका दबलेल्या गवतात सबंध नीतिशास्त्र पडलं होतं. तिथे पहारेकरी नाही. कॅमेरा नाही. मैलोन्‌मैल माणूस नाही. चौसष्ट इंची गाडी खांबांच्या बगलेतून काढली, तर बघणारा फक्त वरचा. आणि तोही, अमेरिकेत इतकी वाहनं आहेत म्हटल्यावर, नेमका आपल्याच गाडीची रुंदी मोजत बसला असेल कशावरून?

भाच्याचे शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत. मनाने अत्यंत चांगले. माझ्या सौभाग्यवतींना त्यांनी त्यांच्या परसातले टोमॅटो टोपलीने आणून दिले. ते म्हणाले, “चौसष्टच घ्या. पुढचं पुढे. आणि पन्नास घेतलीत तरी टायर बदलाल, रिम बदलाल, तीच मुळी बावन्न होईल. दोन इंचांनी काय होतं?”

दोन इंचांनी काय होतं? हा प्रश्न फार जुना आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ग्रीसमध्ये युबुलिडीस नावाच्या गृहस्थांनी तो विचारला असं सांगतात. धान्याच्या ढिगातून एक दाणा काढला तर ढीग राहतो ना? आणखी एक काढला तर? मग नेमक्या कितव्या दाण्याला ढीग संपतो? त्यांचाच दुसरा प्रश्न टकलाचा आहे. एक केस गेल्याने कुणी टकला होत नाही. मग टकला नेमका कितव्या केसाला होतो? मी ह्या विषयाचा प्रत्यक्ष अभ्यास केलेला असल्यामुळे अधिकाराने सांगू शकतो, की उत्तर सापडत नाही, पण टक्कल पडतं. पन्नासाला दोनने काही होत नाही. बावन्नलाही दोनने काही होत नाही. अशाने बहात्तर कधी झाले ते समजत नाही, आणि तोवर ती वाट रस्ता झालेली असते.

आकडा मनाला येईल तसा ठरवलेला आहे म्हणून तो मोडायला हरकत नाही, हा युक्तिवाद मी तीस वर्षं सरकारी कचेरीत ऐकला आहे. ‘साडेपाचला खिडकी बंद’ ह्यात साडेपाचलाच काय विशेष? पाच पस्तीसला का नाही? काही विशेष नाही, हे कबूल. पण कुठे तरी बंद व्हायलाच पाहिजे, हे विशेष आहे. पाच पस्तीस केले, तर पाच छत्तीसला धापा टाकत येणारा गृहस्थ त्याच जिन्यात भेटतो. 1972 साली अध्यक्ष निक्सन यांनी जंगलातल्या अशा वाहनांबद्दल हुकूम काढला, आणि 1977 साली कार्टर यांनी तो आणखी कडक केला. माती, पाणी, झाडं, जनावरं ह्यांचं नुकसान कमीत कमी होईल, एका वाटसराचा दुसऱ्याला त्रास कमीत कमी होईल, अशा बेताने वाटा ठरवाव्यात, असा त्याचा आशय. त्यात पन्नासचं नाव नाही. पण ते ‘कमीत कमी’ एकदा जमिनीवर उतरवायचं म्हटलं, की कुणाला तरी खांब ठोकावा लागतो, आणि खांब हा कुठल्या तरी आकड्यावरच ठोकता येतो.

शिवाय एकाच्या दोन इंचांनी काही होत नाही, हे खरंच आहे. जर्मनीतल्या कांट साहेबांनी ह्यासाठीच सांगून ठेवलंय, की सगळ्यांनी असं केलं तर चालेल का, हे आधी स्वतःला विचारा. भारतीय माणसाला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तो म्हणतो, ‘सगळे करतातच आहेत!’ आणि तो खोटंही बोलत नाही.

पण माझा स्वतःचा अडथळा निराळाच होता. आयुष्यातली सव्वीस वर्षं मी डोंबिवलीहून लोकलने गेलो. तीन माणसांच्या बाकावर चौथा बसतो, आणि ती चौथी सीट हा नियमाचा भंग असला तरी माझ्या मते मराठी माणसाच्या हातून झालेल्या मोजक्या सत्कृत्यांपैकी ती एक आहे. ‘जरा सरकून घ्या’ म्हटलं की खिडकीशेजारचा खिडकीला चिकटतो, मधला श्वास आत ओढतो, तिसरा एक नितंब दान करतो, आणि चौथा चार इंचांवर ठाण्यापर्यंत सुखाने जातो. मीही त्या चार इंचांवर बसलो आहे आणि ते चार इंच मीही दिले आहेत. मग मी कुठल्या तोंडाने भाच्याला इंचाचा हिशेब सांगू? ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या जागेत बूड टेकवलं, तो आता डोंगरात जाऊन टेप काढतो!

हे मला खरोखर दोन दिवस छळत होतं. तिसऱ्या दिवशी आम्ही ती जागा बघायला गेलो. मोटारीने, रीतसर रुंद रस्त्याने. ह्याच वनात फिश लेकजवळ पांडो नावाचं एक झाड आहे. झाड म्हणजे अॅस्पेनचं एक अख्खं वन. बेचाळीस-त्रेचाळीस हेक्टरांवर जवळपास सत्तेचाळीस हजार खोडं उभी आहेत, पण खाली मूळ एकच. म्हणजे सगळी मिळून एकच झाड. एवढं मोठं एकत्र कुटुंब मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि मधून हमरस्ता गेलेला असूनही कुणी वाटण्या मागितलेल्या नाहीत. अॅस्पेनची साल पांढरी असते आणि पातळ असते. तिला ओरखडा गेला, की तो काळा पडून तसाच राहतो. जुन्या मेंढपाळांनी चाकूने कोरलेली नावं पश्चिमेकडच्या राज्यांत अॅस्पेनवर अजून वाचता येतात, मेंढपाळ जाऊन जमाना झाला.

त्या खांबांपाशी आम्ही उतरलो आणि बगलेच्या दबलेल्या गवताने चार पावलं आत चाललो. दोन्ही बाजूंना अशीच अॅस्पेनची खोडं होती. आणि बरोबर माझ्या मांडीच्या उंचीवर, दोन्हीकडे, काळे आडवे ओरखडे होते. एकावर एक. कुणाच्या रिमचे, कुणाच्या पत्र्याचे. मला एकदम डोंबिवलीची लोकल आठवली. बाकावरच्या त्या तिसऱ्या माणसाला मी ‘सरकून घ्या’ म्हणालो होतो, आणि तो सरकला होता. कपाळाला आठी घालून का होईना, पण सरकला होता. नको असतं तर ‘जागा नाही’ म्हणायला त्याला तोंड होतं, आणि ते तो वापरतही असे. ह्या झाडाला मी कितीही अदबीने म्हटलं, तरी ते कुठे सरकणार? माझा दोन दिवसांचा पेच तिथे सुटला. चौथ्या सीटबद्दल मला आता मुळीच लाज वाटत नाही.

पण भाच्याचा पेच सुटला नव्हता, आणि त्याचं म्हणणं कमी जोराचं नव्हतं. परतताना तो गाडीत म्हणाला, “मामा, झाडाचं ठीक आहे. पण आईचं काय? ज्याचे गुडघे धड आहेत तो चालत जाईल. ज्याला दोन सीटची गाडी परवडते नि पुरते तो बसून जाईल. म्हाताऱ्या माणसांनी फोटोच बघायचे का? हा पन्नास इंचांचा नियम झाडाला वाचवतो, पण आईला गाळतो.”

ह्यावर मला काही बोलता आलं नाही. नियम कुणाला आत घेतो हे आपण बघतो, कुणाला बाहेर ठेवतो ते बघत नाही, हे त्याचं बरोबर होतं. मी एवढंच विचारलं, की नियम बदलायचा असेल तर काय करतात? तो म्हणाला, ते नकाशे दरवर्षी नव्याने काढतात, वाटांचे वर्ग बदलायचे असले तर लोकांचं म्हणणं लेखी मागवतात.

लेखी! अर्ज! मला परमुलुखात माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्याच रात्री मी मसुदा तयार केला. ‘महोदय, सविनय विनंती ऐसी की, उपरोक्त वाट सुमारे चौदा इंचांनी रुंद करण्यात यावी…’ वयोवृद्ध मातोश्री, गुडघे, पुत्रधर्म, सगळं क्रमवार घातलं. खाली ‘आपला नम्र’. चोरून दोन इंच घेण्यापेक्षा उघडपणे चौदा मागितलेले केव्हाही बरे, असं माझं मत होतं आणि अजून आहे. भाच्याने त्याचं इंग्रजी केलं आणि अक्काला वाचून दाखवलं.

अक्का भाजी निवडत होती. ऐकून म्हणाली, “म्हणजे तिथे चौसष्टवाले सगळे जाणार?”

“हो आई, मग आपल्यालाही जाता येईल.”

“आणि मग तळ्यावर काय उरेल रे बघायला? गाड्याच ना? त्या काय, आपल्या दारातनं दिसतात. तू मला फोटो दाखवलास त्यात एकही माणूस नव्हता, म्हणून मला ते आवडलं. आता मीच पोचायचं म्हणून तिथे शंभर माणसं पोचवणार होय?” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “तू अर्ज बरा लिहितोस अजून. पण माझ्या गुडघ्यांच्या नावावर लिहू नकोस. तुला जायचं असेल तर तुझ्या नावावर लिही.”

अर्ज फायलीत गेला. गाडी चौसष्ट इंची आली, चार जणांची. खांबांच्या आत न जाण्याच्या अटीवर. ही अट अक्काने घातली होती, आणि तिच्या अटींना टेप लागत नाही. पायूट ट्रेलच्या आसपास रुंद गाड्यांना खुले असलेले जंगलरस्तेच इतके आहेत, की भाच्याने नकाशावर पिवळ्या पेनाने खुणा करता करता पेन संपलं. दहा हजार फुटांवर अक्काने डोक्याला स्कार्फ, वर हेल्मेट, कमरेला पट्टा अशा थाटात डोंगरामागून डोंगर पाहिले, आणि प्रत्येक वळणावर भाच्याला ‘हळू रे’ म्हटलं. हे मात्र ती तो सायकल शिकत होता तेव्हापासून म्हणते आहे.

शेवटच्या रविवारी आम्ही त्या फाट्याशी गेलो. गाडी बाहेर रस्त्याच्या कडेला लावली. भाचा, भाचेसून, नात आणि आमच्या सौभाग्यवती चालत आत गेली. पायी जाणाऱ्याची रुंदी कुणी मोजत नाही, ही सौभाग्यवतींना विशेष सोयीची गोष्ट वाटली. मी अक्काला सोबत म्हणून मागे राहिलो. अक्काने घडीची खुर्ची मागितली. कुठे मांडू म्हटलं, तर काठीने जागा दाखवली. बरोबर खांबांच्या डाव्या बगलेला, त्या दबलेल्या गवतावर. गवत तिथे मऊ आहे, असं तिचं म्हणणं पडलं.

साडी, बूट, टोपी, मांडीवर चिवड्याचा डबा, अशी ती तिथे बसली. अर्ध्या तासात तीन पन्नास इंची गाड्या खांबांमधून अंग चोरून आत गेल्या. प्रत्येकाने हात केला, अक्कानेही केला. मग एक भली रुंद गाडी आली. आतले दोघं तरुण होते. खांबांपाशी थांबले, सवयीने डावीकडे वळले आणि अक्काला बघून पुन्हा थांबले. एंजिन चालू. त्यांनी हसून हाताने खूण केली, की जरा बाजूला होता का? मी अर्धवट उठलो.

“बस,” अक्का मला म्हणाली. मग तिने त्यांच्याकडे बघून तसंच प्रेमळ हसून चिवड्याचा डबा पुढे केला. ते उतरले. एकेक मूठ घेतली. ‘व्हेरी गुड’ म्हणाले. थोडा वेळ उभे राहिले. खांबांकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, पुन्हा अक्काकडे पाहिलं. मग आणखी एकेक मूठ घेऊन गाडीत बसले, आणि एवढी रुंद गाडी त्या अरुंद जागेत वळवताना जी मागे-पुढे, मागे-पुढे कसरत होते, ती सगळी करून आल्या वाटेने निघून गेले.

अक्का इंचभरही सरकली नव्हती.